तिकडची पायवाट आणि आपलं कुंपण

आमच्या गोतावळ्यातलं जे कुणी इंग्लंडला फिरायला येतं, ते एक वाक्य बोलतंच. "काय निसर्ग जपलाय हो या लोकांनी!" पाठोपाठ दुसरं वाक्य ठरलेलं. "नाहीतर आपल्याकडे..." पुढचं तुम्हाला पाठ असेल. मला या दोन वाक्यांचा आता कंटाळा आलाय आणि खरं सांगायचं तर रागही येतो. आज तो राग जरा मोकळा करते. नातेवाईक मंडळी हे वाचतात हे मला ठाऊक आहे, म्हणूनच लिहितेय.

निमित्त परवाच्या सहलीचं. मी दरवर्षी काही महिने मुलाकडे मँचेस्टरला असते. यंदा पुण्याहून पुतण्या आणि त्याची बायको आले होते. रविवारी सगळे मिळून एडेलला गेलो. गाडीनं तासाभराच्या आत एका चिमुकल्या स्टेशनावर उतरायचं, की समोर किंडर स्काउटचं पठार. उंची ६३६ मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या निम्मीसुद्धा नाही! पण त्या मुलखात तेच सर्वांत उंच. बरोबर तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं. (हो, डबे होतेच. त्याशिवाय आपली सहल होत नाही.)

माझ्या गुडघ्यांना झेपेल एवढंच चाललो, अपर बूथ नावाच्या वस्तीपर्यंत. ही वाट सगळी लोकांच्या खाजगी कुरणांतून जाते. एक कुरण संपलं की दगडी गडगा, अगदी कोकणातल्यासारखा, चुन्याशिवाय रचलेला. पण गडग्यात फाटक. एका वेळी एकच माणूस जाईल, मेंढरू मात्र जाणार नाही असं. कुठे नुसत्या पायऱ्या. शेजारी लाकडी खांब, त्यावर 'सार्वजनिक पायवाट' असं लिहिलेलं. मेंढ्या चरताहेत, मालकाचं घर समोर दिसतंय, आणि आम्ही सात माणसं पुऱ्यांचा वास दरवळवत त्याच्या कुरणातून चाललोय. कुणी "कोण पाहिजे?" म्हणून विचारलं नाही.

पुतण्यानं प्रत्येक फाटकाचा फोटो काढला. आणि म्हणाला, "काकू, बघा किती मोठ्या मनाची माणसं. आपली जमीन लोकांना चालायला देतात."

देतात? इथेच माझं डोकं फिरलं.

ज्या पठाराकडे बघत तो बोलत होता, तिथे १९३२ पर्यंत सामान्य माणसाला पाय ठेवायची सोय नव्हती. जमीन बड्या उमरावांची, ग्राउज नावाच्या पक्ष्याच्या शिकारीसाठी राखलेली. शिकार वर्षातले मोजके दिवस, पण रखवालदार बाराही महिने. मँचेस्टर-शेफील्डच्या गिरण्या-कारखान्यांत आठवडाभर धूर खाणाऱ्या पोरांना रविवारी समोरचा डोंगर नुसता दिसायचा. २४ एप्रिल १९३२ ला अशी चारेकशे माणसं हेफील्ड गावाकडून ठरवून त्या डोंगरावर चढली. पुढारी होता बेनी रॉथमन, वय वर्षं २०! रखवालदारांशी झटापट झाली, खाली उतरल्यावर धरपकड झाली. दुसऱ्याच्या जमिनीत शिरणं हा तिथल्या कायद्यानं फौजदारी गुन्हा नव्हता, म्हणून मग दंग्याचे आरोप ठेवले. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. त्यानंतर १९४९ चा कायदा आला, १९५१ मध्ये हाच भाग देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला आणि डोंगरमाळावर मोकळं हिंडायचा हक्क मिळायला २००० साल उजाडलं. २००२ मध्ये, सत्तर वर्षांनी, त्या उमरावाच्या नातवानं आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली.

खालच्या कुरणांतल्या पायवाटा त्याहूनही जुन्या, वहिवाटीच्या. पण त्याही कुणाच्या मनाच्या मोठेपणावर सोडलेल्या नाहीत. १९४९ च्या कायद्यानं प्रत्येक जिल्ह्याला त्यांचा नकाशा करायला लावला. नकाशात वाट आहे, म्हणजे आहे. कुणी वापरत नाही म्हणून ती आपोआप मरत नाही. शेतकऱ्यानं नांगरली तर ठरावीक दिवसांत पुन्हा मोकळी करून द्यावी लागते. लोक वीस वर्षं बिनदिक्कत एखाद्या वाटेनं चालले असतील, तर तिच्यावर हक्क सांगता येतो. इंग्लंड-वेल्स मिळून अशा वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर भरतात. मालक मनातून खूश असतो असं नाही हो. त्याला अडवता येत नाही, एवढंच.

हे सगळं मी गवतात बसून पुतण्याला सांगितलं. (मास्तरीण निवृत्त होते, खोड जात नाही.) त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण काकू, इथले लोक शिस्तीचे आहेत. आपल्याकडे वाट सोडली तर दारूच्या बाटल्या पडतील."

बाळा, १९३२ साली जमीनवाले आणि पाणीपुरवठावाले हेच म्हणत होते. ही शहरातली मजूर पोरं घाण करतील, तलावाचं पाणी नासवतील. आणि शिस्तीचंच म्हणशील, तर तारेला लटकवलेल्या कुत्र्याच्या घाणीच्या पिशव्या तूही पाहिल्यास. त्यांचा फोटो मात्र काढला नाहीस.

आता ज्यासाठी एवढं दळण दळलं ते. या पुतण्यानं मुळशीकडे डोंगराच्या कुशीत जागा घेतली आहे. मागच्या वर्षी वास्तुशांतीला आम्ही सगळे होतो. भोवती आठ फुटी जाळी, फाटक, रखवालदार. वरच्या धनगरवाड्यावरून डांबरी रस्त्याला उतरणारी वाट या जागेतून जायची. जेवणाची पानं मांडत होते तेव्हा एक बाई डोक्यावर दुधाची किटली घेऊन वरून आली. रखवालदारानं तिला परत पाठवलं. ओढ्याकडून वळसा घालून जायला तिला अर्धा-पाऊण तास जास्त लागणार होता. मी विचारलं तर उत्तर आलं, "काकू, सिक्युरिटीचा प्रश्न असतो."

एकतीस वर्षं मी तालुक्याच्या शाळेत शिकवलं. माझ्या वर्गातली निम्मी मुलं असल्याच वाटांनी यायची. वाट अर्ध्या तासानं लांबली की आधी मुली शाळेतून कमी होतात, हे मला हजेरीपटानं शिकवलंय.

आणि कायदा काय फक्त साहेबाकडेच आहे? आपल्या गावनकाशातही पायरस्ता तुटक रेघेनं दाखवलेला असतो. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चा आहे, म्हणजे किंडरच्या आधीचा. शेताकडे किंवा चराईकडे जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर तहसीलदार ती मोकळी करायला लावू शकतो. फक्त अडवल्यापासून सहा महिन्यांत अर्ज द्यावा लागतो. किटली घेऊन वळसा घालणाऱ्या बाईला हे कोण सांगणार? तुम्ही-आम्ही तर एडेलच्या फाटकांचे फोटो ग्रुपवर टाकण्यात गुंतलेलो. माझ्या मोजणीप्रमाणे आपल्याच नात्यात अशा जाळ्या घातलेली चार घरं आहेत. नावं घेत नाही, ज्याची त्याला कळतील.

पुतण्या म्हणतो, वाट सोडली तर जागेची किंमत उतरेल. उतरेलही. एडेलच्या मेंढ्यावाल्याचीही उतरली असेल.

असो. दिवाळीला सगळ्यांनी त्याच्याकडे जमायचं ठरलंय. मी येणार आहे. त्याआधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढून आणेन, रीतसर फी भरून. तुटक रेघ कुठून जाते ते सगळ्यांसमोर बघू. एकच माणूस जाईल, गुरं जाणार नाहीत असलं फाटक आपल्याकडचा कुठलाही वेल्डर एका दिवसात करून देईल. डिझाइनसाठी फोटो पुतण्याच्या मोबाईलमध्ये आहेतच.