मंगल टंकाचे कर्ते

शहापूर तालुक्यातील किन्हवलीचे नाव संगणकात साठविताना क आधी आणि ऱ्हस्व वेलांटी मागाहून नोंदली जाते, तथापि पडद्यावर ती क च्या पूर्वी उभी राहते. खर्डीतील र रफार होऊन डी वर चढतो, मुरबाडच्या म्हसा गावाचा म अर्धा होऊन ह ला बिलगतो. आणि हा सारा बंदोबस्त विंडोज 2000 सोबत आलेल्या ज्या ‘मंगल’ टंकाने सर्वत्र रूढ केला, तो सुलेखनकार, कवी आणि पवईच्या आयआयटीतील अध्यापक रघुनाथ कृष्ण जोशी यांनी घडविला. लेखणीचा संस्कार यंत्राच्या ठिपक्यांत उतरविणे ही माझ्या मते थोर भाषासेवाच होय. जोशी 2008 साली निवर्तले; दाखले, दस्तऐवज टंकित करणाऱ्या प्रत्येक कारकुनास त्यांचे नाव ठाऊक असावे.