६.५ बँड आला, तरी प्रवेश का अडला?



मागच्या आठवड्यात एक ताई भेटल्या. मुलाला आयईएल्टीएसमध्ये ६.५ बँड मिळाला म्हणून घरी पेढे वाटून झाले होते. मग विद्यापीठाची अट नीट वाचली: एकूण ६.५ हवेत, पण कुठल्याच विभागात ६ च्या खाली चालणार नाही. मुलाचं रायटिंग होतं ५.५! आता पुन्हा फी भरायची, आणि क्लासवाले सांगतात, "अजून अवघड शब्द पाठ कर."

माझं स्पष्ट मत आहे: फी दुसऱ्यांदा भरण्याआधी गुण कसे देतात ते समजून घ्या.

लिसनिंग, रीडिंग, रायटिंग, स्पीकिंग, चौघांना सारखं वजन. सरासरी काढून ती जवळच्या अर्ध्या बँडवर नेतात. ६.२५ आली तर ६.५, ६.७५ आली तर ७. या मुलाचे गुण अनुक्रमे ७.५, ७, ५.५, ६. बेरीज २६, भागिले ४, झाले ६.५. लिसनिंगने रायटिंगची बाजू झाकली, एवढंच!

आता आत डोकावून बघा. लिसनिंग आणि रीडिंगला प्रत्येकी ४० प्रश्न, बरोबर उत्तराला एक गुण. चुकलं तर गुण कापत नाहीत, मग जागा कोरी का सोडायची?

रायटिंगमध्ये टास्क २ ला टास्क १ च्या दुप्पट वजन. तरी पोरं पहिल्याच टास्कवर अर्धा तास घालवतात. तपासणारा चार गोष्टी बघतो: विचारलं त्याचंच उत्तर दिलंय का, मांडणी, शब्द आणि व्याकरण. चौघांना सारखं वजन. म्हणजे शब्द हा फक्त चौथा हिस्सा! प्रश्नाला सोडून भारी शब्द फेकले तर उपयोग काय?

स्पीकिंगचंही तसंच. ओघ, शब्द, व्याकरण, उच्चार. इथे साहेबी सूर काढायची गरज नाही. ऐकणाऱ्याला सहज समजलं पाहिजे.

आपण दुकानदार मंडळी संध्याकाळी नुसता गल्ला मोजून थांबतो का? कुठला माल पडून आहे तेही बघतो. स्कोअरकार्डही तसंच वाचा. क्लास लावताना पहिला प्रश्न विचारा: "माझ्या मुलाचे गुण नक्की कुठे जातात?" उत्तर मिळालं नाही, तर पाकीट खिशातच राहू द्या.