परतणाऱ्याची खुर्ची

परदेशी प्रशिक्षणाहून परतलेल्यांच्या बॅगेत एक फोटो हमखास असतो. देशोदेशीचे सहाध्यायी, एकमेकांच्या खांद्यावर हात, मागे एखादे प्रेक्षणीय स्थळ. असाच एक फोटो १० ऑक्टोबर १८८५ चा आहे. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातील तीन विद्यार्थिनी त्यात आपापल्या देशाच्या पेहरावात दिसतात: आपल्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली.

आनंदीबाईंना मार्च १८८६ मध्ये पदवी मिळाली. त्या मायदेशी परतण्याआधीच कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील, म्हणजे आजच्या सीपीआरमधील, स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली होती. क्षयाने ते होऊ दिले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. खुर्ची तयार होती, माणूस पोचला नाही.

आपल्या कचेऱ्यांत बहुधा याच्या उलट घडते. बँकेच्या नोकरीत मी पाहिले आहे. शेतीकर्जाचे नवे तंत्र बाहेर शिकून आलेल्या अधिकाऱ्याकडे पहिल्याच दिवशी प्रवासखर्चाचे बिल मागितले जाई आणि महिन्याभरात त्याची बदली भलत्याच खात्यात होई. वहीतली टिपणे वहीतच राहत.

घरीही फारसे वेगळे नसते. चॉकलेटे वाटून झाली, फोटो पाहून झाले, की 'काय शिकलास?' हे विचारायला कुणाला सवड नसते. निघताना हार सगळेच घालतात. परतणाऱ्याच्या विद्येसाठी जागा राखून ठेवणे, ही खरी कदर. कोल्हापूरने ती १८८६ मध्ये दाखवली होती.