विश्लेषण : ‘पाच मीटरच तर जायचंय!’ पहिल्यांदा स्कुबा करताना कान का दुखतो?

मालवण, तारकर्ली किंवा गोव्यात पहिल्यांदा स्कुबा करायला गेलात, तर बोटीवर एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘पाच मीटरच तर जायचंय, काही होत नाही.’ घाबरलेल्या पर्यटकाला धीर देण्यासाठी ते ठीक आहे. पण कानाच्या बाबतीत ते चुकीचं आहे. समुद्रात कानाला सगळ्यात जास्त त्रास होतो तो याच पहिल्या पाच मीटरमध्ये. खोल गेल्यावर उलट तो कमी होत जातो.

हे पटायला थोडं गणित करावं लागेल. समुद्रसपाटीला आपल्यावर एक वातावरण इतका दाब असतो. पाण्यात दर १० मीटरला आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे पाच मीटरवर दाब दीडपट होतो आणि बंद जागेतल्या हवेचं आकारमान दोन तृतीयांशावर येतं. एक तृतीयांश हवा ‘गायब’ होते, असं कानाला वाटतं. तेच २५ मीटरवरून ३० मीटरवर गेलात तर हवा फक्त आठव्या हिश्श्यानं आकसते. अंतर तेच पाच मीटर, पण कानाला जाणवणारा फरक निम्म्याहूनही कमी.

आणखी सोपं उदाहरण घाटाचं. आंबोलीहून सावंतवाडीला उतरताना अनेकांच्या कानाला दडे बसतात. हा सुमारे ६०० मीटरचा उतार आहे. तो पूर्ण उतरल्यावर हवेच्या दाबात जेवढा फरक पडतो, तेवढा पाण्यात साधारण ७० सेंटीमीटरवर पडतो. कमरेपेक्षाही कमी पाणी! घाटात गाडी वळणं घेत निवांत उतरते, तोवर आपण चार वेळा आवंढा गिळतो, एखादी जांभई देतो आणि कान मोकळे होतात. बोटीच्या शिडीवरून खाली जाताना हाच फरक काही सेकंदांत पडतो.

कानात नेमकं काय होतं?

कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटी पोकळी असते, तिला मध्यकर्ण म्हणतात. तिथून एक बारीक नळी नाकाच्या मागच्या बाजूला उघडते. ही युस्टेशियन नळी. एरवी ती मिटलेली असते, गिळताना किंवा जांभई देताना क्षणभर उघडते. पाण्यात खाली जाताना बाहेरचा दाब वाढतो आणि पडदा आत ढकलला जातो. नळी उघडून आत हवा सोडली की दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. स्कुबावाले याला ‘इक्वलाइज करणं’ म्हणतात.

नाही केलं तर? पडदा साधारण कागदाइतका, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका जाड. पाच मीटरवर त्याच्यावर पाव किलोहून जास्त वजनाचा भार येतो. कान फुटू शकतो तो याच टप्प्यात. त्याआधी आतल्या आवरणाला सूज येते, पोकळीत पाणी किंवा रक्त साचतं.

खरी अडचण वेगळीच आहे आणि बोटीवर ती क्वचितच सांगितली जाते. ही नळी एकेरी झडपेसारखी वागते. आतली हवा बाहेर सहज जाते, म्हणून वर येताना सहसा काही करावं लागत नाही. बाहेरून आत हवा घालायला मात्र प्रयत्न लागतो. बाहेरचा दाब फार वाढला, की नळीचं मऊ तोंड त्याच दाबानं चपटं होऊन घट्ट मिटतं. हे मीटर-दीड मीटरवरच होऊ शकतं. मग कितीही जोर लावा, ते उघडत नाही. म्हणजे ‘दुखायला लागलं की नाक दाबून फुंका’ हा सल्ला उशिराचा आहे. फुंकायचं ते दुखण्याआधी. पहिल्यांदा पाण्याच्या वरच, मग दर अर्ध्या मीटरला. आणि दुखलंच तर फुंकायचं नाही, आधी थोडं वर यायचं. कान मोकळा झाला तरच पुन्हा खाली.

नाक चिमटीत धरून, तोंड बंद ठेवून हलकेच फुंकण्याच्या या पद्धतीला वालसाल्वा म्हणतात. अंतोनियो मारिया वालसाल्वा या इटालियन शरीरशास्त्रज्ञानं १७०४ च्या आपल्या ग्रंथात ती सांगितली, पण ती कानातला पू काढण्यासाठी. ‘हलकेच’ या शब्दावर जोर द्यायला हवा. घाबरलेला माणूस फुगा फुगवल्यासारखा जोर लावतो. त्यानं अंतर्कर्णाचा नाजूक पडदा फाटू शकतो आणि ऐकू येणं कायमचं कमी होऊ शकतं. नाक धरून नुसता आवंढा गिळणं ही टॉयन्बी पद्धत, काहींना तीच जमते. यातली आपल्याला कोणती जमते हे घरी, सोफ्यावर बसून पाहता येतं. दोन्ही कानांत हलकासा ‘टक’ आवाज आला की जमलं.

मग चुकतं कुठे?

दोन वर्षांपूर्वी आम्ही घरचे सात जण मालवणला गेलो होतो. मावसभावाला दोन दिवसांपासून सर्दी होती. रात्रभर प्रवास झालेला, पैसे आगाऊ भरलेले. बोटीवर त्यानं सर्दीचा विषयच काढला नाही आणि त्याला कुणी विचारलंही नाही. पाण्यात त्याचा कान दुखू लागला, तेव्हा समोर कॅमेरा होता. त्यानं अंगठा वर केला. त्याला म्हणायचं होतं ‘मस्त’. स्कुबाच्या भाषेत अंगठा वर म्हणजे ‘मला वर जायचंय’. पण गाइडला पर्यटकांच्या अंगठ्याची इतकी सवय झालेली, की त्यानंही तो ‘मस्त’ असाच वाचला. नंतर व्हिडीओ पाहिला तर भाऊ एका हातानं अंगठा दाखवतोय आणि दुसरा हात कानावर आहे. घरी आल्यावर तीन आठवडे त्याला डाव्या कानानं विहिरीतून बोलल्यासारखं ऐकू येत होतं.

दोष एकट्या गाइडचा नाही. तो दिवसभरात कित्येक जणांना खाली नेतो, पुढची बॅच दुसऱ्या बोटीत बसलेली असते. दोष एकट्या भावाचाही नाही. माझ्या मते खरी गोम पैशांच्या व्यवहारात आहे. सर्दी सांगितली तर डाइव्ह रद्द, आणि पैसे परत मिळण्याची खात्री नाही. मग कोण सांगेल? मुंबई-पुण्याहून आठ-दहा तास प्रवास करून आलेला माणूस खोटंच बोलणार. सर्दीत नळीचं तोंड सुजलेलं असतं आणि इक्वलाइज होण्याची शक्यता निम्मी तिथेच संपते, हे त्याला कुणी सांगितलेलंही नसतं.

काही जण यावर शक्कल लढवतात. सकाळी नाकात औषधाचे थेंब घालून किंवा सर्दीची गोळी घेऊन येतात. याचा धोका आणखी वेगळा. औषधाचा असर पाण्याखाली असतानाच उतरला, तर खाली जाताना आत घेतलेली हवा वर येताना अडकते. खाली जाणं थांबवता येतं, वर येणं टाळता येत नाही. आणि हो, कानात कापूस किंवा इअरप्लग घालून पाण्यात जाण्याचा सल्ला कुणी दिला तर मुळीच ऐकू नका. प्लग आणि पडदा यांच्यामध्ये आणखी एक बंद पोकळी तयार होते, आणि तिच्यात दाब सारखा करण्याचा कुठलाच मार्ग नसतो.

पॅडीसारख्या संस्थेचा पूर्ण कोर्स करणाऱ्याला हे सगळं आधी उथळ, शांत पाण्यात शिकवतात. पाण्यात जाण्यापूर्वी भरायच्या आरोग्य प्रश्नावलीत सायनस आणि कानाच्या शस्त्रक्रियेबद्दल थेट प्रश्न असतात. ‘पोहता येत नसलं तरी चालेल’वाल्या डाइव्हला येणारे पर्यटक कोर्सवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त. त्यांच्या वाट्याला मात्र हेलकावणाऱ्या बोटीवर, इंजिनाच्या आवाजात, दहा मिनिटांची सूचना येते. त्यातली बरीचशी कॅमेऱ्याकडे कसं बघायचं याची.

दुखलंच तर काय?

पाण्यात : हात आडवा धरून हलवा (म्हणजे ‘काहीतरी गडबड आहे’) आणि मग कानाकडे बोट दाखवा. अंगठ्याच्या नादी लागू नका. असह्य दुखत असताना अचानक बरं वाटलं, कानात गार पाणी शिरल्यासारखं झालं आणि गरगरायला लागलं, तर तो आराम नाही, पडदा फाटला असण्याची शक्यता आहे. अशा वेळी गाइडला घट्ट धरा आणि श्वास न रोखता त्याच्याबरोबर सावकाश वर या.

बाहेर आल्यावर आपल्याकडचा पहिला उपाय म्हणजे कोमट तेल. तो करू नका. पडदा फाटला असेल तर तेल, थेंब, पाणी, काहीच आत जाता कामा नये. लहान छिद्रं बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरतात, पण तपासून घ्यायलाच हवं. चक्कर येत असेल, कानात सतत आवाज येत असेल किंवा एकदम कमी ऐकू येत असेल, तर उद्यावर न ढकलता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. अंतर्कर्णाला इजा झाली असेल तर तिथे वेळेला किंमत आहे.

स्कुबा बंद करा, असं मला म्हणायचं नाही. मी स्वतः पुन्हा गेलो. या वेळी गाइडनं मला शिडी धरून पाण्याच्या वरच तीन वेळा इक्वलाइज करायला लावलं, आणि प्रत्येक टप्प्यावर ‘कान?’ असा हातानंच प्रश्न विचारला. मीटरभर जायला आम्हाला बहुधा दोन मिनिटं लागली. व्हिडीओ कंटाळवाणा आला, कान दुखला नाही.

पावसाळ्यानंतर हंगाम सुरू होतो तेव्हा केंद्रांवर दरपत्रकाचे नवे फलक लागतात. त्यावर एक ओळ वाढवता येईल : ‘सर्दी असल्यास किंवा कान मोकळा न झाल्यास पैसे परत, अथवा पुढची तारीख.’ पर्यटन खात्यानं ती सक्तीची करावी. तोवर बुकिंगसाठी फोन कराल तेव्हा किंमत आणि व्हिडीओच्या आधी हेच विचारा, आणि उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा.