जखमेची वही

गेल्या मे महिन्यात मी सुरतेस मावशीकडे गेलो होतो. लिंबायतमधील त्यांच्या गल्लीत खानदेशातून यंत्रमागावर कामाला आलेली मंडळी पुष्कळ, त्यामुळे परगावी आल्यासारखे वाटत नाही. काका अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले आणि माकडहाडावर शय्याव्रण. ड्रेसिंगला आलेल्या नर्सबाईंनी विचारले, "मागच्या आठवड्यात जखम केवढी होती?" मावशी म्हणाली, "रुपयाएवढी." मावसभाऊ म्हणाला, "छे, लिंबाएवढी!" मी रोज पाहत होतो, पण मलाही सांगता येईना.

जखम मोजून न ठेवणे ही शुश्रूषेतील मोठी ढिलाई आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. ती मीही केली. रोज पाहणाऱ्याला बदल दिसत नाही, आणि माया असली की जखम 'कालच्यापेक्षा बरी'च वाटते.

मोजणे अवघड नाही. आठवड्यातून एकदा, रुग्णाला त्याच कुशीवर ठेवून, डोक्याकडून पायाकडे जास्तीत जास्त लांबी आणि तिला काटकोनात रुंदी घ्यावी. अमेरिकेत १९९७ साली 'पुश' नावाची गुणपद्धती निघाली. तिच्यात क्षेत्रफळाला ० ते १०, स्रावाला ० ते ३ आणि जखमेच्या तळाला ० ते ४ गुण असतात. एकूण १७ वरून आकडा शून्याकडे सरकला, तर जखम भरते आहे. मात्र नुसत्या आकाराने फसू नये. मेलेले काळे मांस काढल्यावर जखम आधी मोठीच दिसते. तसेच चौथ्या पायरीची जखम भरताना तिसऱ्या पायरीची झाली, असे म्हणत नाहीत. गेलेला स्नायू परत येत नाही, तिथे नुसती व्रणाची ऊती भरते.

पहिल्या पायरीची खूण म्हणजे दाबूनही न जाणारी लाली. आपल्या सावळ्या कातडीवर ती कुठली दिसायला! तिथे हाताला ऊब किंवा कडकपणा लागतो का, ते पाहावे.

दोन आठवड्यांत सुधारणेचे चिन्ह नसेल, तर उपचारांचा फेरविचार करावा लागतो. पण तो कशाच्या आधारे? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण बँडेज बांधायला शिकतो. तिथे एक तास यासाठी ठेवायला कुणाची हरकत असावी?

मावशीने भाच्याची अर्धी कोरी वही घेतली. दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या खुणाही ती त्यातच करते. परवा फोनवर तिने वाचून दाखवले: "साडेचार गुणिले चार. पिवळे कमी, लाल जास्त."