महापौराची टोपी

इंग्लंडमधल्या शाळांत सहा-सात वर्षांच्या मुलांना १६६६ सालची लंडनची आग शिकवतात, आणि ती अनेकदा नाटक करून शिकवतात. पुठ्ठ्याची घरं खेटून मांडायची, रांगेत उभं राहून बादल्या हातोहात पुढे द्यायच्या. कुणी पुडिंग लेनचा बेकरीवाला थॉमस फॅरिनर होतो, तर कुणी रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स होऊन वाइन आणि पार्मेझान चीज बागेतल्या खड्ड्यात पुरतो. बालशिक्षणावरच्या यंदाच्या दिवाळी अंकाची सुरुवात या खेळापासून करावीशी वाटली.

यातली सर्वांत मोलाची भूमिका महापौराची. २ सप्टेंबरच्या पहाटे थॉमस ब्लडवर्थला उठवलं, तेव्हा आग अजून आटोक्यात येण्याजोगी होती. पुढची घरं लांब आकड्यांनी ओढून पाडली असती, तर तिला पसरायला वाट उरली नसती. घरमालकांच्या संमतीवाचून पाडायला तो कचरला. पूर्वेचा वारा सुटलेलाच होता. चार दिवसांत सुमारे १३,२०० घरं, ८७ चर्च आणि सेंट पॉल कॅथीड्रल जळून गेलं.

आता ती टोपी एखाद्या छोट्या मुलीच्या डोक्यावर ठेवा, तिच्या मैत्रिणीने रंगवलेलं पुठ्ठ्याचं घर समोर ठेवा आणि विचारा, पाडायचं? उत्तर देण्याआधी ती मैत्रिणीकडे बघेल. शिक्षकांनी तिथे अजिबात घाई करू नये, बरोबर उत्तर तर सांगूच नये.

आग विझली की खेळ आवरता घेतात, हे मला पटत नाही. रॉबर्ट ह्यूबर्ट या फ्रेंच घड्याळजीने आग लावल्याची कबुली दिली आणि तो फासावर गेला. तो लंडनला पोचला, तेव्हा आग लागून दोन दिवस झाले होते! परक्यावर खापर फोडणं मुलांना नवं नाही. मधल्या सुट्टीत ते रोज घडतं. म्हणून हा प्रवेशही त्यांनी करायलाच हवा.

मुंबईच्या मुलांसाठी १४ एप्रिल १९४४ आहे. व्हिक्टोरिया गोदीतल्या 'फोर्ट स्टायकिन' जहाजात कापूस आणि स्फोटकं एकत्र होती. कापूस पेटला. जहाज बुडवायचं की बाहेर ओढून न्यायचं, याचा ठाम निर्णय वेळेत झालाच नाही. स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. चौथीच्या मुलांना कप्तान, गोदीचे अधिकारी, बंबवाले होऊ द्या. गोदी उभी करायला चार बाक पुरतात. वादासाठी मात्र अख्खा तास राखून ठेवा.