दाढ बसवण्याआधी हाड तपासा



परवा काटोलकडचे एक संत्रा बागाईतदार भेटायला आले. बहाराचे बोलणे आटोपल्यावर म्हणाले, "साहेब, वरच्या दोन दाढा काढून आठ वर्षं झाली. आता पक्क्या बसवाव्या म्हटलं, तर डॉक्टर म्हणतात हाडच उरलं नाही, आधी सायनस उचलावा लागेल. हे काय प्रकरण आहे?"

मी काही दंतवैद्य नव्हे. पण जाणकारांकडून समजून घेतले ते असे.

वरच्या दाढांच्या मुळांवर, हाडातच, हवेची एक पोकळी असते. तिलाच सायनस म्हणतात. दाढ काढली की तिथले हाड झिजते आणि वरून पोकळीही खाली उतरते. पक्क्या दातासाठी हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात. त्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर हाड लागते. तीन-चारच उरले असेल तर उथळ मुरमात खुंटा रोवल्यासारखे होते. म्हणून हाडाला बाजूने लहान खिडकी पाडून पोकळीचा पातळ पडदा अलगद वर उचलतात आणि खाली हाडाची पूड भरतात. तिचे हाड बनायला सहा महिने किंवा अधिक लागतात. चार-पाच मिलिमीटर पक्के हाड असल्यास स्क्रू कधी कधी त्याच वेळी बसवतात. ही शस्त्रक्रिया १९७० च्या दशकात अमेरिकेत सुरू झाली.

होकार देण्यापूर्वी चार गोष्टी लक्षात ठेवा.

१. पूड कशाची, ते विचारा. पुष्कळदा ती गाईच्या हाडापासून केलेली असते. चालत नसेल तर आधीच सांगा. कृत्रिम पूडही मिळते.

२. बिडी, सिगारेट आणि आपला नागपुरी खर्रा आधी सोडा. मधुमेह आटोक्यात आणा. नाहीतर जखम नीट भरत नाही.

३. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन आठवडे नाक जोराने शिंकरू नये, ओझे उचलू नये. तेव्हा तोडणी-मळणीचे दिवस टाळा.

४. खर्च मोठा आहे. कर्ज काढण्याआधी कवळी, ब्रिज किंवा आखूड स्क्रूने भागेल का, ते विचारा. नागपूरला १९६८ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथेही दाखवून दुसरे मत घ्यावे.

आमच्या बागाईतदारांनी तूर्त खर्रा सोडला आहे. शस्त्रक्रियेचे तोडणीनंतर पाहू म्हणाले. जाताना मात्र बोलले, "दाढ काढली तेव्हाच हे कोणी सांगायला हवं होतं." तेच आज सांगतो आहे. दाढ काढायची वेळ आलीच, तर तिची जागा कशाने आणि कधी भरायची, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.